सेम काम, पगार मात्र कमी? आकडा कसा वाचायचा, पुरावा कसा जमवायचा आणि मागायचं कसं

बायका आणि पुरुषांच्या पगारातल्या फरकाचा विषय निघाला की थोड्याच वेळात दोन गट पडतात. एकजण म्हणतो बायकांना शंभरातले ऐंशीच मिळतात, दुसरा म्हणतो काहीतरीच काय, कायदा आहे ना, आणि बायका खरंच स्वस्त पडत असत्या तर कंपन्यांनी सगळ्या बायकाच भरल्या असत्या. मग आवाज चढतात आणि जिला खरंच कमी पगार मिळतोय तिचा प्रश्न राहतो बाजूला. माझं म्हणणं एवढंच की हे दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत, आणि ते प्रश्न वेगळे केले नाहीत तर तुम्ही वादही हराल आणि स्वतःची केसही. म्हणून खाली क्रमाने लिहितोय, आधी आकडा समजून घ्यायचा, मग स्वतःचं तपासायचं, मग मागायचं. ज्यांना फक्त वादात रस आहे त्यांनी पहिल्या तीन पायऱ्या आणि शेवटची वाचली तरी चालेल.

पायरी १: आधी ठरवा, प्रश्न कुठला?

पे गॅप म्हणजे एखाद्या देशातल्या किंवा कंपनीतल्या सगळ्या पुरुषांची कमाई एका बाजूला, सगळ्या बायकांची दुसऱ्या बाजूला, आणि त्यातला फरक. यात कोण काय काम करतं हे बघितलेलंच नसतं. असमान वेतन म्हणजे तेच काम किंवा तेवढ्याच तोलाचं काम करून बाईला कमी पैसे देणं. पहिली गोष्ट असणं बहुतेक देशांत गुन्हा नाही, दुसरी बेकायदा आहे.

ईझीजेट या विमान कंपनीचं उदाहरण यासाठी मला फार आवडतं कारण तिथे दोन्ही गोष्टी एकदमच दिसल्या. ब्रिटनमध्ये कंपन्यांना गॅपचे आकडे जाहीर करावे लागले तेव्हा तिचा गॅप निम्म्याच्या आसपास निघाला, बातम्या झाल्या, पण कारण असं की पायलट जवळपास सगळे पुरुष आणि केबिन क्रू मध्ये बायका जास्त. बाई पायलट आणि पुरुष पायलट यांचा पगार सेमच होता. पण त्याच सुमाराला, २०१८ च्या जानेवारीत, नवीन सीईओ योहान लुंडग्रेन यांनी स्वतःचा पगार ७,४०,००० पौंडांवरून ७,०६,००० वर आणला, कारण त्यांच्या आधी त्याच खुर्चीत असलेल्या कॅरोलिन मॅकॉल यांना तेवढाच मिळायचा. आता गंमत बघा, ज्या मोठ्या आकड्यावर गाजावाजा झाला तो वेगवेगळ्या कामांचा फरक होता, आणि एकाच खुर्चीला दोन भाव हा प्रकार त्या आकड्यात कुठे दिसलाही नसता.

म्हणजे देशाचा गॅप कितीही असो, त्याने तुमच्यावर अन्याय झाला हे सिद्ध होत नाही. आणि उलटंही खरं, गॅपचा आकडा कुणी कितीही खोडून काढला तरी तुमची केस त्याने पडत नाही. हे डोक्यात पक्कं बसवा, पुढचं सगळं यावर आहे.

पायरी २: आकडा समोर आला की तीन गोष्टी विचारा

पहिली, सरासरी आहे की मध्यक? समजा ऑफिसात पाच पुरुष आहेत, पगार ४०, ५०, ६०, ७० आणि साहेबांचा २८०. पाच बायका आहेत, ४०, ५०, ५५, ६० आणि ७०. पुरुषांची सरासरी १००, बायकांची ५५, म्हणजे गॅप ४५ टक्के. आता ओळीतला मधला माणूस घ्या, पुरुषांत ६०, बायकांत ५५, गॅप साधारण ८ टक्के. ऑफिस तेच, माणसं तीच, आणि दोन वर्तमानपत्रांत दोन मथळे, दोन्ही खरे. एकटे साहेब सरासरी वर ओढून घेतात म्हणून मध्यक जास्त भरवशाचा, पण वरच्या खुर्चीत बाई का नाही हे विचारायचं असेल तर सरासरीच कामाला येते, त्यामुळे एक चांगला आणि एक वाईट असं काही नाही.

दुसरी, तासाचा आहे की वर्षाचा? बायका पार्ट टाइम जास्त करतात, त्यामुळे वर्षाच्या कमाईचा फरक मोठा दिसतो आणि ताशी दराचा कमी.

तिसरी, टक्के कशाचे? बाईला ८० आणि पुरुषाला १०० असेल तर बाईला २० टक्के कमी, पण पुरुषाला २५ टक्के जास्त. ज्याला जे सोयीचं तो ते वापरतो.

पायरी ३: "अॅडजस्ट केल्यावर काही उरतच नाही" याला काय उत्तर द्यायचं

खरी मारामारी इथे आहे म्हणून जरा थांबून वाचा.

अॅडजस्ट करणं म्हणजे शिक्षण, अनुभव, क्षेत्र, हुद्दा, तास हे सगळं सारखं असलेल्या पुरुष आणि बाईची तुलना करणं. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ फ्रान्सिन ब्लाऊ आणि लॉरेन्स कान यांनी २०१० च्या आकड्यांवर हे केलं. काहीही न जुळवता बायकांची ताशी कमाई पुरुषांच्या ७९ टक्क्यांच्या आसपास होती, सगळं जुळवल्यावर ती ९२ च्या आसपास गेली. म्हणजे फरक बराच कमी झाला पण शून्य झाला नाही. एक गट म्हणतो बघा, बहुतेक सगळं समजावता येतं. दुसरा म्हणतो बघा, तरी ८ टक्के उरले. मला विचाराल तर दोघंही घाई करतायत.

उरलेला भाग म्हणजे सगळा भेदभाव असं म्हणता येत नाही, कारण काही गोष्टी मोजलेल्याच नसतात. पण समजावता आलेला भाग म्हणजे न्याय्य, असंही नाही ना. समजा एका कंपनीत बायकांना प्रमोशनच देत नाहीत. आता तुम्ही हुद्दा सारखा धरून तुलना केली की गॅप नाहीसा, कारण ज्युनियर बाईची तुलना ज्युनियर पुरुषाशीच होणार. ज्यात अन्याय झाला तीच गोष्ट तुम्ही हिशोबातून काढून टाकली. गूगलने २०१९ मध्ये स्वतःची पाहणी केली तर एका लेव्हलच्या इंजिनियरांमध्ये पुरुषांनाच थोडं कमी मिळतंय असं निघालं आणि त्यांना पैसे वाढवून दिले. त्यावर आक्षेप हाच होता की लेव्हलच्या आतलं बघताय, पण मुळात बाईला जॉइन होताना कुठल्या लेव्हलला बसवलं ते कोण बघणार? त्याच मुद्द्यावरचा बायकांचा दावा गूगलने २०२२ मध्ये ११.८ कोटी डॉलर देऊन मिटवला, अर्थात चूक कबूल न करता.

दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा उबरचा आहे आणि तो टाळू नका, समोरचा तो काढणारच. अमेरिकेतल्या दहा लाखांहून जास्त ड्रायव्हरांचा अभ्यास झाला, भाडं अॅप ठरवतं, ड्रायव्हर बाई की पुरुष हे त्या सूत्रात नाहीच, तरी पुरुषांची ताशी कमाई साधारण ७ टक्के जास्त. कारणं निघाली तीन, कुठे गाडी चालवतात, किती अनुभव आहे, आणि किती वेगात चालवतात. म्हणजे कुणी भेदभाव न करताही फरक पडू शकतो. मान्य करा आणि पुढे जा, याने ज्या ऑफिसात साहेब पगार ठरवतो तिथे भेदभाव नाही हे काही सिद्ध होत नाही.

आणि मूल. अर्थतज्ज्ञ हेनरिक क्लेवन आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कची आकडेवारी तपासली तर पहिल्या मुलापर्यंत दोघांची कमाई बरोबर चालते, मग बाईची कोसळते आणि कायमची २० टक्क्यांच्या आसपास मागे राहते, बापाच्या कमाईला फारसा धक्काही लागत नाही. हे डेन्मार्कमध्ये, जिथे पाळणाघरं आणि रजा यांची सोय चांगली आहे. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांचं म्हणणं असं की काही नोकऱ्या लांब आणि अवेळी तासांना प्रमाणाबाहेर जास्त पैसे देतात, रात्री दहाला फोन उचलणाऱ्याला बक्षीस, आणि घरात मूल आलं की दोघांपैकी एकालाच ते परवडतं. त्यांनी उदाहरण दिलं अमेरिकेतल्या फार्मासिस्टांचं, तिथे एकाच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकतो, त्यामुळे अर्धे तास केले तर जवळपास अर्धा पगार, दंड नाही, आणि बाई-पुरुष फरकही फार थोडा. म्हणून "तो त्यांचा चॉइस आहे" असं कुणी म्हणालं तर विचारा, चॉइस दोघांचा आणि बिल एकीलाच का?

"मग कंपन्यांनी सगळ्या बायकाच का नाही घेतल्या" याचं उत्तर सोपं आहे. जो साहेब बाईचं काम कमी मोलाचं समजतो त्याला ती स्वस्त वाटतच नाही, त्याला वाटतं आपण बरोबर भाव दिला.

पायरी ४: स्वतःचं तपासा

एक फाइल करा, घरच्या कॉम्प्युटरवर, ऑफिसच्या नाही. ऑफर लेटर, सगळ्या पगारवाढीची पत्रं, ग्रेड किंवा बँड, बोनस, शेअर्स, भत्ते, अप्रेझलचे शेरे, आणि तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता त्याची यादी. हुद्द्याचं नाव नाही, काम. कित्येकदा मूळ पगार सेम असतो आणि फरक बोनसमध्ये लपलेला असतो, त्यामुळे बेसिक जुळलं म्हणून फाइल बंद करू नका. फक्त दुसऱ्यांची गोपनीय कागदपत्रं सिस्टिममधून उचलू नका, तेच कारण दाखवून तुम्हाला काढतील.

मग माहिती काढायची. थेट "तुझा पगार किती" विचारलं की माणूस आखडतो. आधी स्वतःचा सांगा, मग विचारा, "तू यापेक्षा वर आहेस की खाली?" एवढं बहुतेक जण सांगतात. कंपनी सोडून गेलेले तर आनंदाने सांगतात. ऑफर लेटरमध्ये "पगार कुणाला सांगू नये" असं कलम असेल तर घाबरायच्या आधी तुमच्याकडचा कायदा बघा, अमेरिकेत सुपरवायझर नसलेल्या बहुतेक खाजगी कर्मचाऱ्यांना आपसात पगार बोलायचा हक्क १९३५ पासून आहे, ब्रिटनमध्ये भेदभाव शोधायला पगार विचारला तर असं कलम लागू होत नाही.

हे लवकर करायचं कारण लिली लेडबेटर. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गुडइयरच्या टायर कारखान्यात त्यांनी १९७९ ते १९९८ काम केलं, निवृत्तीच्या सुमाराला कुणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली तेव्हा कळलं. त्यांचा महिना ३,७२७ डॉलर, आणि सेम पदावरच्या पुरुषांत सगळ्यात कमी पगार ज्याला होता त्याला ४,२८६, सगळ्यात जास्त ५,२३६. ज्युरीसमोर जिंकल्या, पण २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की भेदभावाचा निर्णय झाल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. जे माहीतच नाही त्याची तक्रार करायची कशी, हे न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालात विचारलं. २००९ मध्ये कायदा बदलला, आता प्रत्येक कमी पगाराला मुदत नव्याने सुरू होते, पण लेडबेटर यांच्या हातात काहीच पडलं नाही.

पायरी ५: तुलना कुणाशी करायची

केस उभी राहते ती इथे, आणि बहुतेक जणी चुकीचा माणूस निवडतात. शेजारच्या टेबलावरचा आहे, चिडचिड होते, म्हणून तो, असं नको. ज्याचं काम तुमच्या कामाशी कौशल्य, मेहनत, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती या चारही बाबतीत जुळतं तो निवडा, शक्यतो दोन-तीन जण. तुमच्या जागी आधी असलेला किंवा तुमच्यानंतर आलेला असेल तर उत्तमच.

काही देशांत तुलना फक्त तशाच कामाशी करता येते, अमेरिकेचा १९६३ चा कायदा असा आहे. काही ठिकाणी वेगळं पण तेवढ्याच मोलाचं काम चालतं, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१ च्या १०० नंबरच्या करारात हेच तत्त्व आहे. भारतात १९७६ च्या कायद्यात "तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम" होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तोच धागा आहे.

मोलाचा मुद्दा किती खोल जातो बघा. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात गाडीच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी संप केला कारण त्यांचं काम अकुशल ग्रेडमध्ये टाकलं होतं. संपाने कारखाना ठप्प झाला, मंत्री बार्बरा कॅसल मध्ये पडल्या, दोन वर्षांत समान वेतन कायदा आला, पण त्या बायकांना जी ग्रेड हवी होती ती मिळाली १९८४ मध्ये, तीही पुन्हा संप करून. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने कचरा उचलणाऱ्या पुरुषांना बोनस दिले आणि त्याच ग्रेडच्या सफाईवाल्या, स्वयंपाकी आणि देखभाल करणाऱ्या बायकांना नाही दिले, त्याचे एक अब्ज पौंडांहून जास्त भरून झाले, आणि २०२३ मध्ये पालिकेने पैसे संपल्याचं जाहीर केलं त्यात ही थकबाकी हे एक मोठं कारण होतं.

पायरी ६: कंपनी काय म्हणेल ते आधी लिहून काढा

पाच-सहाच उत्तरं असतात. तो सिनियर आहे. त्याचं रेटिंग चांगलं. त्याने जास्त मागितलं. त्याचा आधीचा पगार जास्त होता. मार्केट रेट आहे. बजेट नाही.

सिनियॉरिटी आणि रेटिंग ही खरी कारणं असू शकतात, अमेरिकेच्या कायद्यात ती अपवाद म्हणून लिहिलेलीच आहेत. तिथे तुम्ही एवढंच विचारायचं की नियम लेखी आहे का आणि सगळ्यांना तसाच लावला का.

आधीच्या पगाराचं कारण मला सगळ्यात लबाड वाटतं, कारण आधीच्या कंपनीने कमी दिलं तर ते नव्या कंपनीतही मागे येतं आणि असं आयुष्यभर. एलीन रिझो या गणिताच्या सल्लागार शिक्षिकेच्या खटल्यात अमेरिकेच्या नवव्या सर्किट कोर्टाने, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या खालच्या अपील कोर्टाने, हे कारण चालणार नाही असं सांगितलं. त्यात एक विचित्र वळण आलं, पहिला निकाल जाहीर व्हायच्या आधी तो लिहिणारे न्यायमूर्ती वारले, म्हणून सुप्रीम कोर्टाने तो परत पाठवला, न्यायाधीश तहहयात नेमतात, अनंतकाळासाठी नाही, असं सांगून. २०२० मध्ये पुन्हा तोच निकाल लागला.

बजेट नाही याला भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्येच उत्तर दिलंय, मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या बाई स्टेनोग्राफरांच्या खटल्यात. कंपनीची ऐपत नाही म्हणून बाईला कमी, हे चालत नाही.

मार्केट रेटवर पुरावा मागा. बीबीसीच्या समीरा अहमद यांना एका कार्यक्रमाचे भागाला ४४० पौंड मिळायचे, जेरेमी वाइन यांना तशाच कार्यक्रमाचे ३,०००. बीबीसीने म्हटलं वाइन यांच्या कार्यक्रमाला जरा खट्याळ विनोदी ढंग लागतो, आणि वाइन जास्त प्रसिद्ध आहेत. २०२० मध्ये ट्रिब्युनलने, म्हणजे ब्रिटनच्या नोकरीविषयक न्यायाधिकरणाने, विचारलं की हा ढंग म्हणजे नक्की काय आणि भागात तो दिसतो कुठे, शेवटी समीरा जिंकल्या.

पायरी ७: मागायचं कसं

आधी बोला, मग लगेच मेल करा. बोलताना "भेदभाव" शब्दाने सुरुवात करू नका, समोरचा लगेच वकिलाकडे बघतो. साधारण असं लिहा: "माझ्या आणि या पदावरच्या इतरांच्या पगारात फरक आहे असं मला समजलं. माझं काम, अनुभव आणि गेल्या अप्रेझलचे शेरे सोबत जोडले आहेत. पगार कुठल्या निकषांवर ठरतो आणि माझा कसा ठरला हे लेखी कळवावं, ही विनंती." शेवटी तारीख द्या. सहकाऱ्याचं नाव पहिल्या मेलमध्ये घालू नका, उगाच तो अडकतो.

उत्तर गोलमोल आलं तर दुसऱ्या मेलमध्ये मात्र स्पष्ट लिहा की हा बाई-पुरुष वेतनातला फरक वाटतो. हे वाक्य लेखी असणं महत्त्वाचं, कारण त्यानंतर त्रास दिला, बदली केली, तर तो सूड ठरू शकतो आणि बऱ्याच देशांत त्याचा वेगळा गुन्हा किंवा दावा होतो. मग युनियन, कामगार अधिकारी, वकील. मुदती आधी बघा, अमेरिकेत समान वेतन कायद्याखाली दोन वर्षं, मुद्दाम केलं असेल तर तीन. ब्रिटनमध्ये ट्रिब्युनलला साधारणपणे नोकरी सुटल्यापासून सहा महिने.

आणि "माझ्यामुळे त्याचा पगार कापतील" ही भीती असेल तर अमेरिकेच्या कायद्यात सरळ लिहिलंय, बरोबरी करायला कुणाचा पगार कमी करता येत नाही, तुमचा वाढवायचा.

पायरी ८: कायद्यांवरचा वाद, ज्यांना त्यात पडायचंय त्यांच्यासाठी

समान वेतनाचे कायदे ५०-६० वर्षं आहेत तरी फरक का, याचं माझ्या मते मुख्य कारण असं की जुन्या कायद्यांत भांडायचं ओझं एकटीवर आहे आणि माहिती सगळी कंपनीकडे. म्हणून नवे कायदे कंपनीलाच बोलायला लावतात. ब्रिटनमध्ये २०१७ पासून २५० किंवा जास्त माणसं असलेल्यांनी आकडे छापायचे. आइसलँडमध्ये, जिथे १९७५ मध्ये जवळपास ९० टक्के बायकांनी एक दिवस सगळं काम बंद ठेवलं होतं, २०१८ मध्ये २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना समान वेतनाचं सर्टिफिकेट घ्यायची सक्ती आली. युरोपियन युनियनचा २०२३ चा नियम तर सगळ्यात पुढे, मुलाखतीआधी पगाराची रेंज सांगायची, जुना पगार विचारायचा नाही, आणि ५ टक्क्यांहून जास्त फरकाचं कारण देता आलं नाही आणि तो सुधारलाही नाही तर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींबरोबर बसून तपासणी.

विरोधकांचा चांगला मुद्दा डेन्मार्कमधून येतो. २००६ च्या पारदर्शकतेच्या कायद्यानंतर गॅप कमी झाला खरा, पण बायकांचा पगार फार वाढला म्हणून नाही, पुरुषांची वाढ मंदावली म्हणून. तुम्हाला हे यश वाटतं की नाही हे तुम्हीच ठरवा, मला अर्धं वाटतं. दुसरा मुद्दा, सक्ती केली की बायकांना घेणंच बंद करतील. हा नवा नाही, भारताच्या १९७६ च्या कायद्यात भरतीतही भेदभाव करायचा नाही असं कलम म्हणूनच टाकलं होतं. ते किती पाळलं जातं हा वेगळा विषय.

एक राहिलं. वाढ मिळालीच तर ती कुठल्या तारखेपासून ते लेखी घ्या, मागची थकबाकी वेगळी मागा, आणि ती रक्कम मूळ पगारात गेली की एकदाचा बोनस म्हणून दिली हे तपासा, कारण बोनस दिला तर पुढची टक्क्यातली वाढ आणि निवृत्तीचा हिशोब पुन्हा जुन्याच आकड्यावर चालू राहतो.